धडा आधी वाचू द्या, मग शिकवा

पत्र : मी आठवीच्या वर्गाला भाषा हा विषय शिकवते. वर्गात 42 विद्यार्थी आहेत. परीक्षेत बहुतेकांना चांगले गुण मिळतात, कवितेचे रसग्रहण ते पाठ करून नीटनेटके लिहितात, परंतु पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पानही सहसा कोणी आपणहून वाचत नाही. शिकवताना मी लेखकाचा परिचय करून देते, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिते, परिच्छेदागणिक स्पष्टीकरण करते आणि शेवटी मध्यवर्ती कल्पना सांगून स्वाध्याय सोडवून घेते. वाचनाची गोडी लागावी म्हणून गेल्या वर्षी सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले आणि प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहायला सांगितला. पहिल्या महिन्यात उत्साह होता. नंतर मुले सर्वांत पातळ पुस्तके शोधू लागली आणि सारांश इंटरनेटवरून उतरवू लागली. जी थोडी मुले वाचतात ती भयकथा आणि चित्रकथांपलीकडे जात नाहीत. मागच्या बाकांवरची सहा-सात मुले तर पुस्तक उघडायलाच तयार नसतात. त्यांच्या आळसावर काय उपाय करावा हे कळत नाही. तासिका 40 मिनिटांची असते आणि मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झालेला हवा असतो. खरे सांगायचे तर अलीकडे माझे स्वतःचे वाचनही पाठ्यपुस्तकापुरतेच उरले आहे. साहित्याची आवड निर्माण करणे आणि परीक्षेची तयारी करून घेणे या दोन गोष्टी एकाच वर्गात शक्य आहेत का?
– एक भाषाशिक्षिका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेऊ. होय, हे शक्य आहे आणि त्यासाठी अभ्यासक्रमातला एकही धडा वगळावा लागणार नाही. बदलावा लागेल तो क्रम. आपण वर्णन केलेल्या तासिकेत विद्यार्थी कथेपर्यंत पोहोचतो तेव्हा लेखक कोण, त्याची शैली कशी, कोणता शब्द कठीण आणि या कथेतून काय घ्यायचे, हे सारे आधीच ठरून गेलेले असते. त्याच्या वाट्याला उरते ते केवळ टिपून घेण्याचे काम. ते काम तो इमानेइतबारे करतो, गुणही मिळवतो आणि घंटा झाली की पुस्तक मिटतो, कारण त्या कथेशी त्याचा स्वतःचा असा काही संबंध जुळलेलाच नसतो. माझे सांगणे एवढेच आहे की कोणत्याही साहित्यकृतीचे पहिले वाचन विद्यार्थ्याचे असू द्यावे आणि शिक्षकाचे शिकवणे त्यानंतर यावे. आपल्या इतर प्रश्नांची उत्तरेही मला याच एका गोष्टीच्या आसपास सापडतात.

हा विचार जुना आहे. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन प्राध्यापिकेने 1938 साली असे मांडले की साहित्यकृतीचा अर्थ कागदावर तयार होऊन पडलेला नसतो, तो वाचक आणि संहिता यांच्या भेटीतून घडत असतो. पुढे 1978 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वाचनाच्या दोन वृत्ती वेगळ्या करून दाखवल्या. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचताना आपले सारे लक्ष वाचून झाल्यावर उपयोगी पडणाऱ्या माहितीकडे असते, तर कविता वाचताना ते वाचता वाचता मनात जे उमटत जाते त्याकडे असायला हवे. दोन्ही वृत्ती आवश्यक आहेत आणि एकच मजकूर दोन्ही रीतींनी वाचता येतो. अडचण अशी की शाळेत आपण कथेला आणि कवितेलाही पहिल्याच वृत्तीने भिडायला शिकवतो. 'या कवितेतून कोणता संदेश मिळतो' हा प्रश्न कविता हाती पडण्याआधीच मुलाच्या मनात उभा असतो, त्यामुळे त्याची नजर ओळींवरून संदेश शोधत धावते आणि ओळी मात्र वाचायच्या राहून जातात.

तेव्हा प्रत्यक्ष वर्गात काय करावे? नवी कथा घेताना प्रास्ताविक जवळजवळ काहीच करू नका. ज्या दोन-तीन शब्दांवाचून पहिला परिच्छेदच कळणार नाही तेवढ्यांचे अर्थ सांगा, बाकीचे नंतरसाठी ठेवा आणि संपूर्ण कथा स्वतः मोठ्याने, मध्ये कोठेही न थांबता वाचा. या प्रकट वाचनाची आदल्या दिवशी तयारी करावी, कारण कोठे गती कमी करायची, कोणत्या पात्राचा स्वर कसा ठेवायचा, कोणते वाक्य जरा एकटे सोडायचे, हे आयत्या वेळी जमत नाही. 'मोठ्या वर्गातील मुलांना वाचून दाखवायचे काय', असा आक्षेप कोणी घेईल. तो मनावर घेऊ नका. आठवीतल्या मुलाची ऐकून समजण्याची क्षमता पुष्कळदा त्याच्या स्वतः वाचून समजण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक असते, आणि वळणदार वाक्यरचनेचा अर्थ जाणत्या वाचकाच्या आवाजातून पुष्कळसा उलगडून मिळतो. कथा लांब असेल तर ती दोन तासिकांत वाचावी आणि पहिला भाग उत्कंठेच्या जागी थांबवावा. उरलेला भाग काही मुले घरी आपणहून वाचून येतील. त्यांनी गुपित फोडू नये एवढेच त्यांना सांगावे.

वाचन संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. दोन-तीन मिनिटे शांत जाऊ द्या आणि मग प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगा: काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकून गेले आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते असे वाटले. मुलांशी पुस्तकांबद्दल कसे बोलावे याची जी पद्धत एडन चेंबर्स या इंग्लिश शिक्षक-लेखकाने विकसित केली, तिचा गाभा याच चार विचारणा आहेत. 'का' हा शब्द थेट विचारण्याचे टाळावे, असेही ते सुचवतात. 'तुला ही कथा का आवडली' असे विचारले की मुलाला आपली उलटतपासणी चालली आहे असे वाटते आणि ते स्वतःच्या मनातले उत्तर सोडून शिक्षकाला अपेक्षित असलेले उत्तर शोधू लागते. 'त्याबद्दल आणखी सांग' एवढे म्हटले तरी तेच काम होते.

यातून परीक्षेची तयारी कशी होईल, हा आपला पुढचा प्रश्न असणार. समजा, कथेतला मुलगा वडिलांच्या नावे आलेले पत्र दप्तरात लपवून ठेवतो आणि ते त्यांना शेवटपर्यंत देत नाही. लेखकाने कारण कोठेही उघड सांगितलेले नाही. आपल्या चार ओळींत निदान दहा मुले लिहितील की त्याने पत्र का लपवले हे कळले नाही. आता पाठाखालचा स्वाध्याय पाहा. तेथे बहुधा 'पत्र लपवण्यामागील मुलाची मनःस्थिती स्पष्ट करा' असाच प्रश्न असेल. प्रश्न तोच आहे. फरक इतकाच की आधी मुलांवर लादलेला वाटणारा प्रश्न आता त्यांच्याच मनातून आला आहे, आणि त्याच्या उत्तराची त्यांना गरज वाटते आहे. मग कोणी म्हणेल, तो घाबरला होता. कोणी म्हणेल, त्याला वडील गावाला जायला नको होते. एखादी मुलगी म्हणेल, पत्र दिले असते तर आई रडली असती. अशा वेळी आपले काम एकच: 'हे तुला कोणत्या वाक्यात दिसले?' असे विचारणे. मुले पुन्हा पाने उलटतात, दुसऱ्यांदा वाचतात, आणि हे दुसरे वाचन पहिल्यापेक्षा पुष्कळ बारकाईचे होते.

वाक्य दाखवण्याचा हा आग्रह सोडू नका. मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे याचा अर्थ कोणी काहीही म्हटले तरी ते ग्राह्य मानावे असा होत नाही, आणि रोझेनब्लॅट यांनाही तसे म्हणायचे नव्हते. संहितेत ज्याला आधार नाही किंवा संहितेतल्या एखाद्या तपशिलाशी ज्याचे जुळत नाही ते मत टिकत नाही, हे मुलांनी आपापसातल्या चर्चेतून शिकावे. मत मांडणे, त्याला कथेतला आधार देणे आणि विरोधी मताचा विचार करणे ही जी सवय लागते, तीच चांगल्या रसग्रहणात आणि संदर्भासहित स्पष्टीकरणात अपेक्षित असते. मध्यवर्ती कल्पना, अलंकार, लेखकाचा परिचय हे सारे यानंतर अवश्य शिकवा. तेव्हा मुलांना त्याचा उपयोग दिसतो. एखादी प्रतिमा कवितेत तीनदा आली हे ज्याने स्वतः हेरले आहे, त्याला प्रतिमा म्हणजे काय हे समजावून घेण्यात रस असतो.

बक्षिसाची योजना मात्र बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते त्यांच्यापैकी काहींना चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या गटातली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. प्रयोग चित्रकलेचा होता आणि मुले अगदी लहान होती, त्यामुळे तो जसाच्या तसा आठवीच्या वाचनाला लावता येणार नाही. तरीही आपल्या वर्गात जे घडले ते याच दिशेचे आहे. पुस्तकांच्या संख्येला बक्षीस दिले की संख्या वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग मुले शोधणारच, आणि पातळ पुस्तक हा तो मार्ग आहे. यात त्यांचा अप्रामाणिकपणा शोधू नये.

सारांशाची वहीही बंद करा. आपण मोठी माणसे कादंबरी वाचून संपवली की तिचा सारांश लिहायला बसत नाही. फार तर कोणाला तरी 'हे वाच' असे सांगतो. मुलांनाही तेवढेच करू द्यावे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे ठेवावीत, त्यात ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपण काय वाचतो आहोत ते सांगावे, हवे तर त्यातला एखादा परिच्छेद वाचून दाखवावा. वर्गमित्राने शिफारस केलेले पुस्तक मुले जितक्या उत्सुकतेने मागतात तितक्या उत्सुकतेने शिक्षकांनी सुचवलेले मागत नाहीत, हे आपल्या लवकरच लक्षात येईल.

आता मागच्या बाकांवरची मुले. त्यांना आपण आळशी म्हटले आहे. त्या शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. आठवीपर्यंत आलेले मूल अक्षरे ओळखते, म्हणजे त्याला वाचता येते, असे आपण गृहीत धरतो. काही मुलांच्या बाबतीत ते खरे नसते. ती शब्द जोडून जोडून वाचतात, वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्यांच्या मनातून वाक्याची सुरुवात निसटलेली असते, आणि वर्गासमोर हे उघडे पडू नये म्हणून ती पुस्तक उघडतच नाहीत. कीथ स्टॅनोविच या संशोधकाने 1986 साली या दुष्टचक्राचे सविस्तर विवेचन केले. ज्याला सहज वाचता येते तो अधिक वाचतो, त्यामुळे त्याची शब्दसंपत्ती आणि गती वाढते आणि तो आणखी वाचतो. ज्याला त्रास होतो तो टाळतो आणि दर वर्षी इतरांपासून अधिक दूर पडत जातो. म्हणून प्रथम या प्रत्येक मुलाला एकट्याला, वर्गाबाहेर, प्रेमाने बोलावून एखादा सोपा उतारा मिनिटभर वाचायला सांगा. अडखळणे कोठे आहे ते ऐकले की पुढचे ठरवता येईल. ज्याला वाचनाचीच अडचण आहे त्याला उपदेश नको, सराव हवा: लहान उतारा आधी शिक्षकांनी वाचून दाखवावा, मग त्याने सोबत वाचावा, मग एकट्याने दोन-तीनदा वाचावा. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे एवढे केले तरी काही महिन्यांत ओघ सुधारलेला दिसू शकतो. काही मुलांना याहून खोल अडचण असू शकते. तशी शंका आल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याविषयी पालकांशी बोलावे.

या मुलांना पुस्तक देताना त्यांना आधीपासून काय माहीत आहे ते विचारात घ्या. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली सातवी-आठवीच्या 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्यातील अर्ध्या डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण त्या खेळाची चांगली जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा, त्या उताऱ्यातले अधिक सांगू शकली. याचा अर्थ असा की यंत्रे उघडून पाहण्याचा नाद असलेल्या मुलाला यंत्रांवरचे पुस्तक त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा थोडे कठीण असले तरी पेलते. 'आपल्यालाही वाचता येते' हा अनुभव त्याला बहुधा प्रथमच येत असतो, आणि तो अनुभव कोणत्याही बक्षिसाने देता येत नाही.

भयकथा आणि चित्रकथा यांबद्दल आपल्याला वाटणारी काळजी मला समजते, पण ती थोडी सैल करावी. ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले दुसरे सूत्र 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' असे आहे. वाचनाची गती, वाक्यांची सवय, नव्या शब्दांशी पुन्हा पुन्हा होणारी गाठ या गोष्टी पुष्कळ वाचल्यानेच येतात, आणि पुष्कळ तेव्हाच वाचले जाते जेव्हा पुढे काय झाले हे कळल्याशिवाय राहवत नाही. एकट्याने वाचण्यासाठी पुस्तक निवडताना मुलांना एक ढोबळ आडाखा सांगता येईल. परभाषेत वाचणाऱ्यांवरील संशोधनात असे दिसले आहे की कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचण्यासाठी सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एखादाच अनोळखी. सुमारे 200 शब्दांच्या पानावर चार-पाचांहून अधिक शब्द अडले तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. आवडले नाही तरीही ठेवावे. डानिएल पेनाक या फ्रेंच लेखक-शिक्षकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे आणि मुळीच न वाचण्याचाही आहे. ज्या मुलाला पुस्तक सोडता येते ते पुढचे पुस्तक हाती घ्यायला कचरत नाही.

मात्र वर्गात सामुदायिक वाचनासाठी सोपे साहित्य निवडावे, असे मी म्हणणार नाही. तेथे उलट करावे. जी कविता मूल एकट्याने कधीच उघडणार नाही, जिच्या पहिल्या कडव्यातच ते अडेल, ती वर्गात सर्वांनी मिळून वाचायची असते, कारण तेथे आपण सोबत असतो आणि 42 जणांच्या मनात आलेल्या 42 गोष्टी हाताशी असतात. सोपे वाचन मुलाने आपल्या मर्जीने करावे आणि अवघड वाचन वर्गाच्या सोबतीने करावे. केवळ अवघड म्हणून पाठ्यपुस्तकातले जुने साहित्य टाळणारे शिक्षक मुलांवर दया करत असतील, पण त्या दयेमुळे मुलांचे फार मोठे नुकसान होते.

वेळेचा आणि मुख्याध्यापकांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण वरचे बहुतेक बदल आहे त्याच तासिकांत बसतात. प्रास्ताविक आणि परिच्छेदागणिक स्पष्टीकरण यांना लागणारा वेळ प्रकट वाचन आणि चर्चा यांना मिळतो. अधिकचे मागायचे ते इतकेच की आठवड्यातील दोन तासिकांची पहिली दहा मिनिटे स्वतःच्या निवडीच्या पुस्तकाच्या मूकवाचनासाठी असावीत. त्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलताना गुण वाढतील अशी हमी देऊ नका. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या मूकवाचनाच्या वेळेने वाचनाचा ओघ सुधारतो असे म्हणण्याइतका पुरावा तिला मिळाला नव्हता. म्हणूनच ही दहा मिनिटे कच्च्या वाचकांच्या वेगळ्या सरावाला पर्याय ठरत नाहीत, आणि त्या वेळेत आपण एखाद्या मुलाशेजारी बसून त्याच्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. दुसरी बाजूही मुख्याध्यापकांसमोर ठेवावी. 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2009 साली ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी 37 टक्के विद्यार्थ्यांनी आपण आनंदासाठी मुळीच वाचत नाही असे सांगितले, आणि आनंदासाठी वाचणाऱ्यांची कामगिरी त्यांच्याहून चांगली होती. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे आकडे सांगत नाहीत. बहुधा दोन्ही एकमेकांना वाढवतात. अपठित उताऱ्यावरील प्रश्न हे आपल्या वर्गापुरते चांगले माप आहे, कारण तेथे पाठांतर कामाला येत नाही. आज एक उतारा सोडवून घ्या, गुण नोंदवून ठेवा आणि सत्राच्या शेवटी तितक्याच काठिण्याचा दुसरा द्या.

परीक्षेच्या आधीचे काही आठवडे मात्र उत्तरलेखनाच्या सरावाला निःसंकोच द्यावेत आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे: हे उत्तर लिहिण्याचे कौशल्य आहे, त्याचे काही नियम आहेत, ते शिकून घेऊ. कविता वाचणे आणि कवितेवर आठ गुणांचे उत्तर लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना कळते. त्रास होतो तो दोन्ही एकच असल्याचे भासवल्याने.

आपल्या स्वतःच्या वाचनाविषयी आपण जे मोकळेपणाने लिहिले त्याबद्दल मला आपल्याविषयी आदर वाटतो. तपासायच्या वह्यांचा ढीग आणि इतर नोंदी सांभाळून वाचायला वेळ मिळत नाही हे खरेच आहे. त्यासाठी वेगळा संकल्प करू नका. मूकवाचनाच्या त्या दहा मिनिटांत एखाद्या मुलाशी बोलून झाले की वह्या घेऊन बसू नका. आपल्याला हवे ते पुस्तक वाचा. ते मुलांसाठी लिहिलेले किंवा अभ्यासक्रमाला उपयोगी पडणारे असण्याची गरज नाही. कोणी 'तुम्ही काय वाचताय' असे विचारले तर सांगा, आणि पुस्तक कंटाळवाणे निघाले असेल तर तेही सांगा.

सुरुवात एखाद्या कथेपासून करावी, कवितेपासून नको. कथेत पुढे काय होणार ही ओढ मदतीला असते. मुलांनी आधीच गाईडमधून वाचून ठेवलेला धडा घेऊ नका, त्यावर त्यांना तयार उत्तरेच सुचतील. पहिल्या वेळी चार ओळी लिहायला सांगितल्यावर बरीच मुले 'कथा खूप छान आहे, बोध चांगला आहे' असे लिहून मोकळी होतील, कारण आजवर त्यांच्याकडून तेच मागितले गेले आहे. त्यावर काही न बोलता वह्या परत द्या आणि पुढच्या कथेला पुन्हा तेच विचारा. तिसऱ्या-चौथ्या कथेपर्यंत कोणीतरी 'मला शेवट पटला नाही' असे लिहील. ती वही वर्गात वाचून दाखवण्यापूर्वी त्या मुलाची परवानगी घ्या.